होणार काही नाही, चला

जेवणाची सुट्टी संपत आली की तो उलट्या ड्रमावरून उठायचा, पँट मागून दोनदा झटकायचा आणि म्हणायचा, "होणार काही नाही. चला."

दोन्ही एकाच दमात. होणार काही नाही म्हणणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. ती तसं म्हणतात आणि बसून राहतात. चला म्हणणारीही पाहिली असतील. त्यांना आपण पुढे आणि लोक मागे असं चालायचं असतं. हा दोन्ही म्हणायचा आणि सगळ्यांच्या मधून चालायचा. असा मी एकच पाहिला, म्हणून लिहायला बसलो.

मी चामटोलीचा. चौथीपर्यंत शिकलो, मग शेतात गेलो, अर्धं शेत गेल्यावर कारखान्यात गेलो. लिहिताना चुका होतील. झाल्या तर झाल्या. हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही.

आमचा कारखाना अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत. रंगाची पावडर बनायची. ओला रंग ट्रेमध्ये सुकवायचा, सुकला की चक्कीत दळायचा आणि पिशव्यांत भरायचा. ज्या महिन्यात जो रंग चालू, त्या महिन्यात आम्ही त्या रंगाचे. पिवळा चालू असला की घाम पिवळा, थुंकी पिवळी, रात्रीची उशी पिवळी. बायको म्हणायची, "तुमी कारखान्याशी लगीन लावलाव, नि हलद माज्या चादरीला."

तो उल्हासनगरहून यायचा. त्याआधी तिथेच जीन्स धुण्याच्या कारखान्यात होता. मूळचा देशावरचा, अंगानं बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कंत्राटदारानं त्याला आमच्या खात्यात आणलं तेव्हा पन्नाशीला आला असेल. माझ्याहून चार वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "जीन्सच्या आधी कुठं होतात?"

"चळवळीत."

मला वाटलं कंपनीचं नाव आहे. म्हटलं, "कुठं आली ही कंपनी? तळोज्याला?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. डोळे पुसत म्हणाला, "पाटील, वीस वर्षं मी लोकांना समजावत होतो की ती कंपनी नाही. तुम्ही एका मिनिटात ओळखलंत."

पुढे कळलं. लाल झेंड्याच्या एका संघटनेत त्यानं वीस वर्षं घातली होती. पोस्टरं चिकटवली, साप्ताहिक विकलं, लाठ्या खाल्ल्या, कामगारांच्या खोल्यांवर जाऊन पुस्तकं वाचून दाखवली. मग संघटनेत दोन गट झाले. सेक्रेटरी कोण, एवढ्यावरून. दोन्ही गटांनी ऑफिसच्या एकाच दाराला आपापलं कुलूप लावलं. वर्षभर आत कोणीच गेलं नाही. शेवटी दार फोडलं तेव्हा जाहीरनाम्याचे गठ्ठे उंदरांनी खाल्लेले.

"वाया नाही गेले," तो म्हणायचा. "कोणीतरी शेवटपर्यंत वाचले."

तेव्हापासून तो कुठल्या संघटनेचा नाही. पाटी, पावतीपुस्तक, पदाधिकारी, हे तीन शब्द ऐकले की तो नाकाला रुमाल लावायचा. पावडर उडाल्यासारखा. म्हणायचा, "पाटी लावली की पहिलं काम पाटी पुसायचं. दुसरं, पाटीवर नाव कोणाचं ते भांडायचं. माणसाचं काम तिसरं. तिथपर्यंत कोणी पोचलेलं मी बघितलं नाही."

मी वाद घालायचो. मला वाद घालायला आवडतं आणि मी हरत नाही. म्हटलं, "आमच्या गावच्या गणपतीला सुद्धा अध्यक्ष लागतो. डोकं नसलेलं अंग चालतं का कधी?"

"डोकं प्रत्येकाला आहे की, पाटील. तुम्ही दुसऱ्याचं कशाला शोधताय?"

"लोकांना पुढे कोणीतरी लागतो."

"लागतो ना. मालकालाही लागतो. पुढे एकच असला की विकत घ्यायला सोपं पडतं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुम्हाला पाटी सुटायची नाही. तुमच्या आडनावातच आहे ती."

त्याची निराशा नुसती पुढाऱ्यांवर नव्हती. कामगार म्हणजे देवमाणूस असंही तो मानत नव्हता. म्हणायचा, मालक व्हायला मिळालं तर तुम्ही पण व्हाल, मी पण होईन. एकदा मी म्हटलं, "बरं, समजा कारखाना उद्या आपला झाला?" तो ट्रे धुवत होता. हात न थांबवता म्हणाला, "तरी पावडर नाकातच जाणार. आपली पावडर म्हणून गोड लागेल का?"

"मग करायचं कशाला काही?"

त्यानं मानेनं चक्कीकडे दाखवलं. चक्कीवर रामनयन होता. "त्याला आज संध्याकाळी घरी जाताना श्वास घेता यावा. एवढ्यासाठी. यापुढचं मला दिसत नाही."

रामनयन उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा, दोन पोरींचा बाप. आमच्या खात्यात सगळ्यात जास्त पावडर त्याच्या तोंडावर. चक्कीच्या वर सक्शनचा पंखा होता, धूळ ओढून बाहेरच्या पिशवीत टाकणारा. तो मोटर जळून बंद पडला होता. बंद पडला तेव्हा उन्हाळा होता, आता दिवाळी जवळ आली होती. रामनयन खोकायचा तेव्हा त्याची मान आत ओढली जायची, कासवासारखी. विचारलं की म्हणायचा, "सब ठीक है दादा, मौसम का है." मौसम दोन बदलले होते.

आता थंड पाण्याची गोष्ट सांगतो. म्हणजे याचं काम कसं चालायचं ते कळेल.

आमच्या खात्यात प्यायला पाणी टाकीतलं, कोमट. ऑफिसात थंड पाण्याचं मशीन. आम्ही अर्ज देऊ म्हणत होतो. हा म्हणाला, "अर्ज कशाला? तहान लागली की जा. आहे तसेच जा." एवढंच बोलला, तेही एकाजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेक माणूस गेला. घोळका नाही, घोषणा नाही. गेला, पाणी प्याला, थँक्यू म्हणाला, आला. हात धुतलेले नाहीत. त्या दिवशी नेमके तीन रंग चालू होते. दुपारपर्यंत ऑफिसचं पांढरं मशीन, काचेचं दार, दाराची मूठ, साहेबांच्या खुर्चीची पाठ, सगळीकडे पिवळे, निळे, लाल पंजे. टायपिंगवाल्या बाई म्हणाल्या, होळी लवकर आली.

तिसऱ्या दिवशी साहेब खाली आले. "कुणी सांगितलं तुम्हाला वर यायला?"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "तहानेनं."

आठवड्यात आमच्या खात्यात मशीन बसलं. साहेब पुढारी शोधत राहिले आणि पुढारी नव्हताच. मी त्याला म्हटलं, "जिंकलो की आपण!" तो म्हणाला, "पाणी मिळालं. जिंकणं वगैरे नका म्हणू, डोक्यात जातं."

पंख्याचं मात्र तसं नव्हतं. मोटर महागाची आणि साहेबांना घाई नव्हती. रामनयनचा खोकला वाढत चालला. तेव्हा यानं कागद काढला.

त्यानं आपल्या डब्याचं झाकण कागदावर उपडं ठेवलं आणि कडेनं पेन्सिल फिरवली. गोल झाला. आत मधोमध एकच ओळ लिहिली: सक्शनचा पंखा चालू होईपर्यंत आम्ही चक्कीच्या खोलीत जाणार नाही. मग म्हणाला, "सह्या या गोलाच्या कडेनं करायच्या. कुठूनही सुरुवात. पहिला कोण ते कळता कामा नये."

सह्या गोलाभोवती फिरू लागल्या. कोणाची हिंदीत, कोणाची मराठीत, एकाचा अंगठा, तोही निळा. रामनयननं कागद फिरवून फिरवून जागा निवडली. कागद फुलासारखा दिसायला लागला. तीसेक माणसं झाली. मी सोडून दोघे राहिले होते, ते रात्रपाळीचे आणि माझ्याच गावचे. म्हणून कागद माझ्याकडे आला. त्यांच्या सह्या घेऊन सकाळी मीच ऑफिसात द्यायचा असं ठरलं.

त्या दोघांच्या सह्या झाल्या. माझी राहिली होती. घरी ओट्यावर बसून केली. सही माझी चांगली आहे, लोक म्हणतात. पण त्या एवढ्या सह्यांत ती दिसेना. मी कागद लांब धरून बघितला. कुठल्याही बाजूनं धरला तरी मी मधलाच. गावात मंडळाच्या पत्रिकेवर माझं नाव कधी आलं नव्हतं. चौथीवाल्याचं कोण घालणार? मी सहीखाली एक शब्द लिहिला.

बायकोनं वाकून बघितलं. ती सातवी शिकली आहे. "यो कंचा शबुद?"

"अध्यक्ष."

"तुमाना कोनी केला?"

"कोणीतरी असायला नको?"

"नि लिवलाव तं नीट तरी लिवा. अधक्ष नसतंय."

मी खोडलं नाही. खोडून कागद खराब झाला असता.

सकाळी ऑफिसात कागद दिला. साहेबांनी तो धरला, मग गाडीचं चाक फिरवावं तसा फिरवला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. डोकं सापडेना त्यांना. मला आत हसू येत होतं. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. चेहरा एकदम मऊ झाला.

"अरे! पाटील! तुम्ही अध्यक्ष! आधी नाही का सांगायचं? बसा, बसा."

त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. माझी पँट पिवळी म्हणून खुर्चीवर पेपर पसरला. चहा आला, कपबशीत. साहेब म्हणाले, "कामगारांची समिती करू या. रीतसर. तुम्ही अध्यक्ष, मी दर महिन्याला तुमच्याशी बोलणार. पंख्याचा विषय पहिल्याच मीटिंगला. तोवर लोकांना आत पाठवा. ऑर्डर अडली आहे. तुमचा शब्द लोक मानतात."

आयुष्यात कोणी मला असं म्हटलं नव्हतं. मी चहा प्यालो. हो म्हटलं.

खाली आलो. सगळे चक्कीच्या खोलीबाहेर उभे होते, तोही. मी म्हटलं, "काम झालं. समिती झाली. मोटर येणार. चला आत." लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं आता बोलेल. तो बोलला नाही. नंतर एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "मी थांबा म्हटलं असतं तर दोन अध्यक्ष झाले असते." तेव्हा मला हे उत्तर पटलं नाही. आजही पटत नाही. त्यानं बोलायला हवं होतं.

लोक आत गेले. रामनयन गेला, चक्की चालू केली.

तीन वाजायच्या आत तो पडला. आधी गुडघ्यावर, मग कुशीवर. आम्ही त्याला बाहेर उचलून आणलं तेव्हा त्याच्या ओठांचा रंग कळत नव्हता, कारण सगळं तोंडच पिवळं होतं. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला. पण जिना चढण्याजोगा राहिला नाही.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर मला बोलणार. बोलला असता तर बरं झालं असतं. तो चक्कीजवळ गेला, खटका खाली ओढला, बाहेर आला आणि दारात मांडी घालून बसला. दार त्याच्यानं अडलं नव्हतं, बाजूनं जायला जागा होती. पण कोणी गेलं नाही. एकेक जण येऊन शेजारी बसला. तो सरकून जागा करत गेला. माझ्याकडे बघून त्यानं हातानं फरशी पुसली, इथं बसा म्हणून.

मी बसलो.

साहेब आले. माझ्यासमोर उभे राहिले. "अध्यक्ष, सांगा यांना. उठवा."

मी म्हटलं, "साहेब, मी अध्यक्ष नाही. मला तो शब्द लिहिता पण येत नाही."

कोणीतरी हसलं. मग हळूहळू सगळेच. रडल्यासारखं हसू होतं ते. साहेब म्हणाले, "मग चक्की कोणी बंद केली तेवढं सांगा. बाकी सगळे सुटतील." आमच्यातलं कोणीच बोललं नाही. साहेब रोज यायचे, रोज तेच विचारायचे. आम्ही पाळीच्या वेळेला यायचो, दारात बसायचो आणि पाळी संपली की घरी जायचो. नवव्या दिवशी मोटर आली. पंखा लागला तेव्हा खोलीतली जुनी पावडर वर उठली आणि धूर जावा तशी ओढली गेली. आम्ही वर बघत राहिलो. तो चष्मा पुसत होता.

महिनाअखेरीला कंत्राटदारानं त्याचा गेटपास नवा करून दिला नाही. कारण काही सांगितलं नाही, सांगायची गरजही नसते. मी त्याला गेटबाहेर गाठलं. "आम्ही परत बसतो. उद्याच. तुमच्यासाठी."

"नको."

"का नको? रामनयनसाठी बसलो तसं."

"रामनयनसाठी नाही बसलात. पंख्यासाठी बसलात. माझ्यासाठी बसलात तर माझा फोटो लागेल. मग हार. मग वर्षातून एकदा नारळ." त्यानं माझा हात धरला. "पाटील, ते झालं की पंखा विसरतात."

मी भांडलो. रस्त्यात उभा राहून भांडलो. म्हटलं, "तुमच्या या हट्टापायी तुम्हाला वाचवायला कोणी राहत नाही. ज्याला डोकं नाही त्याला कोणी पकडू शकत नाही, कबूल. पण तुमच्यासारख्याला धरून ठेवायला सुद्धा कोणी नाही. संघटना असती तर आज पास बंद झाला असता का तुमचा?"

त्यानं चष्म्याचा दोरा नीट केला. "हे मात्र बरोबर आहे तुमचं," म्हणाला.

इतक्या वर्षांत तेवढा एक वाद मी जिंकलो. जिंकून घरी आलो आणि जेवलो नाही.

पुढे तो उल्हासनगरलाच राहिला, कॅम्प चारला, एका सिंधी म्हातारीच्या बराकीत मागच्या खोलीत. मी रिटायर झालो. वर्षातून दोन-तीनदा जायचो. शिलाईच्या कारखान्यात धागे कापायचं काम करायचा. आजूबाजूला काही ना काही चाललेलं असायचं. एकदा गल्लीतल्या बायका महापालिकेच्या दारात कचरा घेऊन उभ्या राहिल्या होत्या, एकेकीच्या हातात एकेक पिशवी. मी हसून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघताय? वास त्यांना येत होता."

घरमालकीण त्याला कामरेड म्हणायची. त्याला ते आवडायचं नाही, पण तिला तो काही म्हणायचा नाही. "साईं, ये आदमी रोज बोलता है कुछ नहीं होगा," ती मला सांगायची, "और रोज सुबह छह बजे निकल जाता है."

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा महिने जाता आलं नाही. मग गेलो तर खोलीत दुसरंच कुटुंब. म्हातारी म्हणाली, "वो तो गया. चार महीना हुआ. सोया और उठा नहीं."

मी पायरीवर बसलो. म्हटलं, "मला कोणी कळवलं नाही."

"किसको बोलते? उसके पास किसी का नाम-नंबर लिखा हुआ थोड़ी था." मग म्हणाली, "लेकिन बहुत लोग आया. पता नहीं किसने बुलाया. हमने सोचा चार कंधा भी मिलेगा कि नहीं. गली भर गई. कोई भाषण नहीं किया."

त्याच्याकडे यादी नव्हती. म्हणून मला कळलं नाही. ज्यांना कळलं ते त्या गल्लीतले, ज्यांच्याबरोबर तो कालपर्यंत होता ते. हे बरोबर की चूक, मी अजून ठरवलेलं नाही. पण त्याच्या तिरडीखाली माझा खांदा नव्हता, हे मला सोसत नाही, आणि याबद्दल मी त्याच्यावर रागावलेला आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार.

परतताना घरी न जाता रिक्षा आनंदनगरला घेतली. पाळी सुटायची वेळ होती. कारखान्याचं नाव बदललंय, रंगाचंच काम आहे. आता बायकाही असतात त्या खात्यात. गेटमधून एक बाहेर आली, खरवईच्या टमटमची वाट बघत उभी राहिली. मी विचारलं, "बाई, चक्कीवरचा सक्शनचा पंखा चालू आहे का?"

"चालू म्हणजे? चालू नसला तर आम्ही आत कशाला जाऊ?"

"कोणी बसवला तो?"

"कोणी बसवायचा, काका? पहिल्यापासूनच आहे तो."

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची टमटम आली. ती ओढणी डोक्यावरून घेत धावली. काठाला थोडा गुलाबी डाग होता. बाकी ओढणी पांढरी होती.